बोटभर घरावरचे छप्पर

मॉडेलच्या घरावर खऱ्या दगडाचे छप्पर चढवले की ते खरे दिसेल, असे या छंदात नव्याने पडलेल्या अनेकांना वाटते. शाळेतली जुनी पाटी फोडायची, तिच्या कपच्या काढायच्या आणि ओळीने चिकटवायच्या. छप्पर पुरे होते, पण घराच्या डोक्यावर फरसबंदी केल्यासारखे दिसते. चूक हिशेबातली असते. मॉडेल १:७६ या प्रमाणातले असेल, तर एक मिलिमीटरची कपची खऱ्या घरावर ७.६ सेंटिमीटर जाडीची लादी ठरते. ब्रिटनमधल्या घरांवरची वेल्सची पाटी साधारण पाच-सहा मिलिमीटर जाड असते. तिला ७६ ने भागले की मिलिमीटरचे जेमतेम सात शतांश उरतात. दगडाची एवढी पातळ कपची निघत नाही. झेरॉक्सचा साधा कागद मात्र एक दशांश मिलिमीटरचा असतो. म्हणून पाटीचे छप्पर करायला दगडापेक्षा कागद खरा.

बाकीची मापेही खऱ्या छपरावरूनच घ्यावी लागतात. इंग्लंडमध्ये पाट्यांच्या मापांना सरदार घराण्यातल्या बायकांची पदे नावे म्हणून मिळाली. त्यांतली ‘काउंटेस’ २० इंच लांब आणि १० इंच रुंद. पाट्या रिपांवर खिळ्यांनी ठोकतात. वरच्या ओळीची पाटी खालच्या ओळीतल्या दोन पाट्यांमधली फट झाकते. शिवाय ती त्याखालच्या, म्हणजे तिसऱ्या ओळीवरही तीनेक इंच चढलेली असते. त्यामुळे २० इंचांच्या पाटीतले साडेआठ इंचच उघडे राहतात. १:७६ मध्ये ही उघडी उंची २.८ मिलिमीटर भरते आणि रुंदी ३.३ मिलिमीटर.

एकेक पाटी सुटी कापून लावायची गरज नसते. कागदाची लांब पट्टी घ्यायची, तिच्या खालच्या कडेपासून अर्ध्या उंचीपर्यंत ३.३ मिलिमीटरवर चिरा द्यायच्या आणि वळचणीकडून आढ्याकडे एकेक पट्टी चढवत न्यायची. प्रत्येक ओळ अर्ध्या पाटीने सरकवायची. वळचणीला पहिली पट्टी दुहेरी घ्यायला विसरू नये. खऱ्या छपराला तिथे दोन थर असतात, आणि ते नसले तर छपराची कड पोकळ दिसते. पट्टी चिकटल्यावर सुईच्या टोकाने एखादी पाटी किंचित उचलायची, एखादी तिरकी करायची, एखादी खाली घसरलेली दाखवायची. खऱ्या घरावर घसरलेली पाटी जागेवर धरायला शिशाची अरुंद पट्टी खालून वर दुमडतात. मॉडेलमध्ये चकचकीत वेष्टनाच्या चांदीच्या कागदाचा केसाएवढा तुकडा तेवढे काम करतो, आणि पाहणाऱ्याची नजर नेमकी तिथेच अडकते.

आपल्या सुरतेत अशी पाट्यांची छपरे पाहायला मिळणार नाहीत. ती पाहायची तर हिमाचलात कांगडा, धरमशाळेकडे जावे लागेल. तिकडच्या पाट्या वेल्सच्या पाट्यांपेक्षा ओबडधोबड आणि जाड असतात. सुरतेचे जुने छप्पर कौलांचे. गोपीपुरा, नानपुरा किंवा तापीपलीकडच्या रांदेरच्या गल्ल्यांतून वर पाहत चालले, तर नव्या इमारतींमधून अधूनमधून लाकडी घरांवर ती अजून दिसतात. एक प्रकार देशी नळीच्या कौलांचा. कुंभार चाकावर निमुळती नळी ओढतो, ती उभी चिरून दोन कौले करतो. दुसरा मंगलोरी कौलांचा. गुजरातीत त्यांना विलायती नळिया म्हणतात. ही कौले बासेल मिशनच्या लोकांनी १८६५ मध्ये मंगळुरात कारखान्यात काढायला सुरुवात केली आणि नंतर ती पश्चिम किनाऱ्यावर सगळीकडे पोचली.

या बारीक कामासाठी सुरतेइतके सोयीचे शहर शोधून सापडणार नाही. महिधरपुरा आणि वराछा इथल्या हिरेबाजारात लागणारी सगळी आयुधे मॉडेलवाल्याच्याही कामाची आहेत. टोकाला अचूक मिटणारा चिमटा आहे, डोळ्याला लावायची दहापट मोठे दाखवणारी आयग्लास आहे. हिऱ्यांच्या पुड्या बांधायचा गुळगुळीत, घट्ट कागद आहे, आणि त्याच्या कापलेल्या कडेला लव सुटत नाही. कापडबाजारात साड्यांच्या खोक्यांचा पुठ्ठा हवा तेवढा मिळतो. तो भिंतींसाठी उत्तम. छपराच्या वरच्या थरासाठी मात्र त्याला हात लावू नये.

मंगलोरी कौल कागदातून उठवणे पाटीपेक्षा अवघड, कारण त्याला उभ्या पन्हळी असतात. भारतीय मानकात त्याचे एक माप ४१० बाय २३५ मिलिमीटर आहे. एकावर एक चढवल्यावर प्रत्येक कौलाचे साधारण ३२ बाय २१ सेंटिमीटर उघडे राहतात, म्हणून एका चौरस मीटरला पंधराएक कौले लागतात. मॉडेल-रेल्वेवाल्यांच्या १:८७ या प्रमाणात ही उघडी बाजू ३.७ बाय २.४ मिलिमीटर होते. कागदाची पट्टी रबरी मॅटवर उलटी ठेवायची आणि शाई संपलेल्या बॉलपेनच्या टोकाने पट्टीभर उभ्या रेघा दाबायच्या. पट्टी सुलटी केली की पन्हळींचे उंचवटे वर आलेले दिसतात. आठ मीटर लांब आणि पाच मीटर उताराच्या एका पाख्याला अशी सहाशे कौले भरतात. ती पट्ट्यांनीच उरकावीत, सुटी लावायच्या फंदात पडू नये.

रंगाच्या बाबतीत घाई नडते. बाजारातला गडद लाल एकसारखा फासला की छप्पर प्लास्टिकचे दिसू लागते. आधी फिकट, करडेपणाकडे झुकणारा तांबूस रंग द्यायचा. मॉडेलकडे आपण जणू दुरूनच पाहत असतो, आणि दुरून रंग नेहमी फिके पडतात. मग दहा-बारा कौले वेगळ्या छटांनी उचलायची. पावसाळ्याआधी घर शाकारताना फुटकी कौले बदलतात, तेव्हा नवी कौले जुन्यांमध्ये केशरी उठून दिसतात. तशी चार-पाच पुरेत. सावलीच्या पाख्यावर, वळचणीजवळ शेवाळाचा काळपट-हिरवा हात फिरवायचा. पावसाळ्यात कौले काळवंडतात तीही इथेच.

सुरतेचा पावसाळा कागदालाही सोडत नाही. फेव्हिकॉलमधल्या पाण्याने पुठ्ठा एका बाजूला वळतो, आणि दमट हवेत महिन्याभराने पुन्हा वळतो. त्यावर दोन उपाय आहेत. पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूलाही तितकाच कागद चिकटवायचा, म्हणजे दोन्हीकडची ओढ सारखी राहते. आणि रंगाआधी चपडा लाख स्पिरिटमध्ये पातळ करून दोन्ही बाजूंना हात मारायचा.

एवढी मेहनत घरातल्या कपाटासाठीच घ्यायची, असे नाही. इंग्लंडात ऑक्सफर्डशायरमधल्या पेंडन संग्रहालयात रॉय इंग्लंड या ऑस्ट्रेलियन गृहस्थाने व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स या खोऱ्यातली खेडी १:७६ मध्ये उभी केली. १९२०-३० च्या दशकांतली ती गावठाणे डोळ्यांदेखत बदलत होती, आणि जी घरे पुढे राहणार नाहीत त्यांची मापे घेऊन ठेवावीत, असे त्याने ठरवले. पुण्यात भाऊ जोशी यांनी १ एप्रिल १९९८ ला कोथरूडला मिनिएचर रेल्वेचे संग्रहालय खुले केले. तिथे गाड्या, सिग्नल, उड्डाणपूल असे अख्खे शहर टेबलावर चालते. आगगाडी पाहायला गेलेली मुले त्या शहरातल्या घरांपाशीही रेंगाळतात.

सुरतेच्या मराठी घरांना असा विषय शोधायला लांब जावे लागत नाही. सुरतेहून नंदुरबारमार्गे अमळनेरला जाणारा ताप्ती व्हॅली रेल्वेचा मार्ग १९०० च्या सुमारास पुरा झाला. खानदेशातली किती तरी कुटुंबे याच वाटेने सुरतेतल्या उधना-लिंबायतला आली. या मार्गावरचे एखादे लहान स्टेशन आणि शेजारची दोन कौलारू घरे, एवढा देखावा जेवणाच्या टेबलाच्या कोपऱ्यावर मावतो.

मापे घ्यायला छपरावर चढण्याचीही गरज नाही. मंगलोरी कौले कारखान्यात साच्यातून निघतात, त्यामुळे ती स्वतःच मोजपट्टीचे काम करतात. समोरून काढलेल्या फोटोत आडव्या ओळी मोजायच्या. वीस ओळी दिसल्या, तर पाख्याचा उतार साधारण ६.४ मीटर, म्हणजे १:८७ च्या मॉडेलवर ७.४ सेंटिमीटर. एका ओळीतली कौले मोजली की घराची लांबीही कळते. रस्त्यावरून उघडी दिसणारी भिंत, खिडकी आणि जोतेसुद्धा त्याच फोटोत याच मापाशी ताडून पाहता येतात. फोटो मात्र चारही बाजूंनी काढावेत. जुन्या गल्ल्यांत घर पाडायचे काम निघाले की आधी उतरतात ती कौलेच.