‘ओ साहेब, परवानगी आहे का?’

संध्याकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर दिवे लागले की समोरच्या पदपथावर डझनभर मोबाइल उंचावतात. कोणी कोणाला हटकत नाही. तेवढ्यात एखाद्याने पिशवीतून ट्रायपॉड काढून त्यावर डीएसएलआर चढवला, की शिट्टी वाजते. इमारत तीच, फोटोही तोच. मग एकाच माणसावर संशय का? त्यामागे काही पक्के गैरसमज आहेत.

गैरसमज : सार्वजनिक जागी फोटो काढायला परवानगी लागतेच.
वस्तुस्थिती : रस्त्यावर, चौकात फोटो काढण्यावर सरसकट बंदी घालणारा कायदा नाही. 1923 चा शासकीय गुपिते अधिनियम ‘प्रतिबंधित ठिकाणां’विषयी बोलतो. लष्कर, नौदल, हवाई दलाचे तळ त्यात येतातच. रेल्वे, पूल, वीज-पाण्याची केंद्रे मात्र केंद्र सरकारने तशी अधिसूचना काढली तरच येतात. शिवाय तिची प्रत इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत तिथे लावलेली असावी लागते.

गैरसमज : पोलीस ठाण्यात व्हिडिओ काढला की गुपिते फोडल्याचा गुन्हा.
वस्तुस्थिती : वर्ध्याच्या पोलीस ठाण्यात मोबाइलवर चित्रण केले म्हणून एकावर याच कायद्याखाली गुन्हा दाखल झाला होता. पोलीस ठाणे ‘प्रतिबंधित ठिकाणा’च्या व्याख्येत बसत नाही, असे सांगून मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2022 मध्ये तो रद्द केला.

गैरसमज : विमानात फोटो काढणे गुन्हा आहे.
वस्तुस्थिती : प्रवासी विमानात फोटो आणि व्हिडिओ काढू शकतात, हे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले. सुरक्षेला धोका किंवा गोंधळ होईल असे चित्रण चालत नाही, आणि कर्मचाऱ्यांनी थांबवले तर थांबायचे. पुण्याचा लोहगाव विमानतळ हवाई दलाचा आणि गोव्याचा दाबोळी विमानतळ नौदलाचा आहे. तिथे खिडकीतून धावपट्टीकडे मोबाइल रोखण्याचा मोह आवरलेलाच बरा.

गैरसमज : रखवालदार कॅमेरा काढून घेऊ शकतो, फोटो पुसायला लावू शकतो.
वस्तुस्थिती : मॉल किंवा सोसायटी हे खासगी आवार. तिथे मालकाची ‘नाही’ मानावी लागते. रखवालदार बाहेर जायला सांगू शकतो, कॅमेऱ्याला हात लावू शकत नाही. गुन्ह्याचा संशय असेल तर पोलिसांना कॅमेरा जप्त करता येतो, पण रीतसर नोंद करून. आणि संशय खराच असेल तर फोटो हा पुरावा. तो जागच्या जागी पुसायला लावणे म्हणजे पुरावाच घालवणे.

गैरसमज : मोठा कॅमेरा दिसला म्हणजे रेकी चालली आहे.
वस्तुस्थिती : ही भीती हवेतून आलेली नाही. डेव्हिड हेडलीने 26/11 च्या हल्ल्याआधी, 2006 ते 2008 या काळात अनेक फेऱ्या मारून मुंबईतल्या ठिकाणांचे चित्रण केले होते. पण कसे? वरकरणी रीतसर व्हिसा, ताडदेवला थाटलेले कार्यालय, हातात साधा व्हिडिओ कॅमेरा आणि चेहऱ्यावर पर्यटकाचे कुतूहल. संशय घ्यायचाच तर कोणी प्रवेशद्वार, सीसीटीव्हीच्या जागा, पहाऱ्याच्या वेळा पुन्हा पुन्हा टिपतो आहे का, हे पाहावे. ट्रायपॉड लावून अर्धा तास एका जागी उभा राहणारा माणूस सगळ्यांच्या नजरेत भरतो. टेहळणी करणाऱ्याला नेमके तेच नको असते.

हेडली आज टर्मिनससमोरच्या त्या गर्दीत कॅमेरा घेऊन उभा राहिला असता, तर शिट्टी वाजली नसती.