ओव्हरक्लॉकिंग
संगणकाचा प्रोसेसर उत्पादकाने नेमून दिलेल्या कंप्रतेपेक्षा (दर सेकंदास होणाऱ्या स्पंदांच्या संख्येपेक्षा) अधिक कंप्रतेवर चालविण्याची क्रिया. कंप्रता वाढविली की गणनाचा वेग वाढतो. परंतु सोबत वाढणारी उष्णता ही त्याची खरी मर्यादा होय.

ट्रँझिस्टर चालू-बंद होताना खर्च होणारी शक्ती ही कंप्रता आणि विद्युत् दाबाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. अधिक कंप्रतेवर ट्रँझिस्टरांना आपले कार्य वेळेत पुरे करता यावे म्हणून बहुधा दाबही वाढवावा लागतो. दोन्ही प्रत्येकी १० टक्के वाढविल्यास ही शक्ती सु. ३३ टक्क्यांनी वाढते. तापमान चढले की गळती प्रवाह वाढतो व त्यामुळे आणखी उष्णता निर्माण होते.

१९९८ मध्ये इंटेलचा ३०० मेगाहर्ट्झचा सेलेरॉन ३००ए प्रोसेसर बाह्य स्पंद ६६ ऐवजी १०० मेगाहर्ट्झ करून पुष्कळदा ४५० मेगाहर्ट्झवर चाले आणि त्याला साधा पंखा पुरे. अशी सवलत पुढे उरली नाही. ट्रँझिस्टर लहान करताना दाबही त्या प्रमाणात घटविल्यास दर चौ. सेंमी.मागील शक्ती स्थिर राहते, असे रॉबर्ट डेनर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये दाखविले होते; गळतीमुळे सु. २००५ नंतर दाब त्या प्रमाणात घटविणे अशक्य झाले. ४ गिगॅहर्ट्झच्या पेंटियम ४ ची योजना इंटेलने २००४ मध्येच सोडून दिली होती.

कोअर आय९-१४९००के (२०२३) हा प्रोसेसर २५३ वॉटपर्यंत शक्ती घेतो व ती सु. २.६ चौ. सेंमी. सिलिकॉनातून उष्णतारूपाने बाहेर पडते, म्हणजे दर चौ. सेंमी.ला सु. १०० वॉट. घरगुती इस्त्रीच्या तळाशी हे प्रमाण याच्या दशांशाहूनही कमी असते. उष्णता आधी तांब्याच्या झाकणात पसरते, नंतर उष्णतावाहक लेपातून शीतकाकडे जाते. तेथून ती हवा वा पाणी वाहून नेते. शीतक कितीही मोठा घेतला, तरी चिमुकल्या सिलिकॉनातून उष्णता बाहेर काढण्याची अडचण तशीच राहते. तापमान १००° से.ला पोहोचताच हा प्रोसेसर स्वतःच कंप्रता उतरवितो. द्रवरूप नायट्रोजनाने (–१९६° से.) साधलेले उच्चांक थोडा वेळच टिकतात, नित्य कामास त्यांचा उपयोग नाही.

पूर्वी ग्राहकासाठी शिल्लक राहणारा वाव आता बहुतांशी उत्पादकच वापरून टाकतात. वरील प्रोसेसर तर ६ गिगॅहर्ट्झपर्यंतच्या कमाल कंप्रतेसह विकला गेला. त्याच्या व आधीच्या पिढीतील काही प्रोसेसर अवाजवी विद्युत् दाबामुळे अस्थिर होतात, हे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केले आणि दाबावर बंधन घालणारी सुधारित सूक्ष्मसंकेतावली दिली. मात्र ज्या प्रोसेसरांची आधीच झीज झाली होती, ते तिने पूर्ववत होत नाहीत.