नाट्यपद परीक्षेला नेताना

नाट्यशाखेच्या विद्यार्थ्याची परीक्षेच्या तयारीतील पहिली चूक बहुधा निवडीतच होते. मैफलींतून गाजलेले पद तो उचलतो. ते ज्या प्रवेशात येते तो प्रवेश मात्र वाचायचा राहून जातो. मग परीक्षकांपुढे गायक उभा राहतो, पात्र नव्हे. गळा कितीही तयार असला, तरी नाट्यपदाच्या परीक्षेत हे उणेच ठरते.

अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘सौभद्र’मध्ये (१८८२) साकी, दिंडी अशा चालींची पदे आहेत. त्यांतून संवादच पुढे सरकतो. याउलट ‘स्वयंवर’च्या (१९१६) भास्करबुवा बखले यांनी दिलेल्या रागदारी चाली विस्ताराला वाव देतात. दोन्ही तऱ्हांचे एकेक पद घ्यावे. पहिल्यात शब्दोच्चार उघडा पडतो, दुसऱ्यात संयम.

पट्टीचा प्रश्न वेगळाच आहे. ‘स्वयंवर’मधील रुक्मिणी बालगंधर्वांनी, म्हणजे पुरुषाने गायिली. त्यामुळे जुन्या ध्वनिमुद्रिकेची पट्टी तशीच उचलणाऱ्या विद्यार्थिनीचा आवाज खर्जात दबतो. स्वतःची पट्टी हार्मोनियमवादकाबरोबर आधीच ठरवून घ्यावी.

सर्वाधिक सराव लागतो तो पदाआधीच्या वाक्याचा. संवाद संपवून, घसा साफ करून, सूर ऐकून गाणे सुरू केले की प्रवेश तिथेच तुटतो. वाक्याच्या शेवटच्या शब्दावरूनच सुरात शिरता आले पाहिजे. त्यासाठी पद आधी चालीविना, गद्यासारखे म्हणून पाहावे. मग बसून गावे आणि शेवटी हालचालींसह. तानांचा मोह आवरावा. परीक्षेत ‘वन्स मोअर’ मिळत नसतो!