दहिसर नाक्यापलीकडची नादारी

दहिसर चेकनाका ओलांडला की मुंबई संपते, ठाणे जिल्हा सुरू होतो आणि कर्जात बुडालेल्या माणसाला लागू होणारा कायदाही बदलतो. नाक्याच्या अलीकडे राहणाऱ्याला स्वतःला नादार जाहीर करून घ्यायचे असेल, तर १९०९ च्या कायद्याखाली मुंबई उच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो. मीरा रोड, काशीमिरा, भाईंदर, उत्तनच्या रहिवाशाला १९२० चा प्रांतिक नादारी कायदा लागतो, आणि त्याची वाट ठाण्याच्या जिल्हा न्यायालयाकडे जाते. त्यातही मीरा रोडचा माणूस रोज लोकल पकडून अंधेरीला नोकरीला जात असेल, तर पोटापाण्याचे काम मुंबईत करतो या आधारावर त्याला उच्च न्यायालयातही जाता येऊ शकते. कुठल्या दारात उभे राहायचे, इथूनच वकिलाचे काम सुरू होते.

पण २०१६ मध्ये नवी दिवाळखोरी संहिता आली ना? आली. तिच्या तिसऱ्या भागात व्यक्तींच्या कर्जाची तरतूदही आहे. मात्र १ डिसेंबर २०१९ पासून तो भाग लागू झाला तो फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना. पुण्याचे बांधकाम व्यावसायिक ललितकुमार जैन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २१ मे २०२१ रोजी ही विभागणी वैध ठरवली. म्हणजे कोट्यवधींची हमी दिलेल्या उद्योगपतीसाठी नवा कायदा, आणि पगारदार, दुकानदार, रिक्षावाल्यासाठी मात्र इंग्रजांच्या काळातला, ज्यात अर्जाची पात्रता आजही ५०० रुपयांच्या कर्जापासून सुरू होते. संहितेत अगदी गरिबांसाठी ‘नवी सुरुवात’ नावाची कर्जमाफीची तरतूद लिहून ठेवली आहे: वार्षिक उत्पन्न ६० हजारांपर्यंत, मालमत्ता २० हजारांपर्यंत, कर्ज ३५ हजारांपर्यंत आणि स्वतःचे घर नाही. तीही लागू नाही. सामान्य कर्जदारावरचा हा अन्याय आहे आणि त्याविषयी कुणी फारसे बोलत नाही, याची मला चीड येते.

म्हणूनच आहे त्या कायद्यांतून वाट काढणारा माणूस लागतो. भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांमध्ये स्टीलची भांडी बनतात. समजा तिथल्या एका गाळ्यात बफिंग-पॉलिशचे काम करणारा मालक वकिलाकडे आला. हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात दोन-तीन वर्षांचे कागद, काही पाकिटे अजून फोडलेलीही नाहीत. नोटीस आली की छातीत धस्स होते, म्हणून ती तशीच ठेवून द्यायची ही सवय घरोघरी आहे, आणि सगळ्यात महागात तीच पडते. जाणता वकील आधी सगळी पाकिटे फोडतो, तारखा बघतो आणि टेबलावर कागदांचे ढीग लावतो. एकाच माणसाची पाच कर्जे असली तरी कायद्याच्या नजरेत ती पाच वेगवेगळ्या जातीची असतात.

पहिला ढीग गहाणाचा. गाळा किंवा फ्लॅट बँकेकडे तारण असेल तर सरफेसी कायद्याची ६० दिवसांची नोटीस त्यात सापडते. या मुदतीत लेखी हरकत घेतली तर बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावे लागते. पुढे ताब्याची कारवाई झाली तर ४५ दिवसांच्या आत मुंबईच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात दाद मागता येते. मुदत उलटून गेल्यावर आलेल्या माणसासाठी वकिलाच्या हाती फार थोडे उरते. आणि एक गोष्ट पहिल्याच बैठकीत स्पष्ट व्हायला हवी: नादारीच्या अर्जाने तारण ठेवलेले घर वाचत नाही. तारणावरचा बँकेचा हक्क शाबूत राहतो.

दुसरा ढीग चेकचा. माल उधारीवर देणाऱ्या व्यापाऱ्याला दिलेला चेक परत गेला की मागणीच्या नोटिशीनंतर पैसे भरायला १५ दिवस मिळतात. नाही भरले तर कलम १३८ चा फौजदारी खटला, दोन वर्षांपर्यंत कैद आणि चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड. नादारीच्या अर्जाने हा खटला थांबत नाही. म्हणून हाताशी थोडेबहुत पैसे असतील तर आधी कुणाचे भागवायचे, हा सल्ला इथे लाखमोलाचा ठरतो.

पतपेढीचे कर्ज वेगळेच. तिथे सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला निघतो आणि वसुली अधिकारी थेट जप्तीला येतो. त्याविरुद्ध पुनरीक्षण मागायचे तर निम्मी रक्कम आधी भरावी लागते. शिवाय जामीनदार असतात: साडू, शेजारी, कंपनीतला जुना मित्र. कर्जदार पुढे नादारीतून मोकळा झाला तरी जामीनदार सुटत नाही. त्याला हे वेळेवर सांगणे हे कर्जदाराचे कर्तव्य आहे.

सावकाराकडून उचललेल्या पैशांचा कागद बहुधा नसतोच. सावकाराकडे परवाना आहे का, हे उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात विचारता येते. राज्याच्या २०१४ च्या सावकारी कायद्याने विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद आहे, आणि परवानाधारकालाही मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही.

राहिली क्रेडिट कार्डे, ॲपवरची आणि पर्सनल लोन. इथे त्रास असतो तो फोनचा. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकानुसार सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचा फोन करता येत नाही, नातेवाइकांसमोर बदनामी करता येत नाही. तडजोड याच ढिगात सर्वात लवकर होते. फक्त रक्कम, तारीख आणि ‘पुढे काही येणे नाही’ हे वाक्य बँकेच्या लेटरहेडवर हाती पडल्याशिवाय एक रुपयाही भरू नये.

हे सगळे ऐकून घेतल्यावर बहुतेकांचा प्रश्न ठरलेला: “साहेब, फ्लॅट मिसेसच्या नावावर करून टाकू का?” करू नये. नादारीचा अर्ज होण्याआधीच्या दोन वर्षांतले असे विनामोबदला हस्तांतर न्यायालय रद्द करू शकते. अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांत मेहुण्याची उसनवारी तेवढी फेडून बाकीच्यांना झुलवत ठेवले, तर तेही उलटते. आणि मालमत्ता लपवली तर तो गुन्हा आहे.

खरे तर लपवण्याची गरज वाटते ती कायदा काय सोडतो हे माहीत नसल्याने. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे कपडेलत्ते, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि कारागिराची हत्यारे जप्त होत नाहीत. धर्माच्या रिवाजाप्रमाणे स्त्रीला अंगावेगळा करता येत नाही असा दागिना, म्हणजे मंगळसूत्र, त्यालाही हात लावता येत नाही. भविष्यनिर्वाह निधी सुरक्षित. पगार ४० हजार असेल तर पहिले एक हजार आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश मिळून २७ हजार सुटतात, जप्ती १३ हजारांवर येते. तीही एका हुकूमनाम्यासाठी जास्तीत जास्त २४ महिने. पैसेच नाहीत म्हणून फेडता न येणाऱ्याला तुरुंगात टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात सांगून ठेवले आहे.

नादारीचा अर्ज हा या सगळ्यानंतरचा उपाय. त्यात प्रत्येक धनकोचे नाव, रक्कम आणि आपल्या मालमत्तेची संपूर्ण यादी द्यावी लागते. नादार ठरवल्याचा आदेश झाला की मालमत्ता न्यायालयाच्या किंवा रिसीव्हरच्या ताब्यात जाते आणि विनातारण धनकोंना परवानगीशिवाय नवे दावे लावता येत नाहीत. पुढची पायरी मुक्तीची. रुपयाला निदान आठ आणे फेडण्याइतकी मालमत्ता नसेल, तर ही वेळ आपल्या चुकीने आली नाही हे पटवून द्यावे लागते. आजारपण, बुडालेली उधारी, बंद पडलेला धंदा यांचे पुरावे इथे उपयोगी पडतात. सट्टा किंवा न लिहिलेले हिशेब आड येतात. मुक्तीचा अर्ज ठरलेल्या मुदतीत केला नाही तर नादारीचा आदेशच रद्द होतो आणि वर्षांची मेहनत पाण्यात जाते. सरकारी देणी आणि पोटगी मुक्तीनंतरही डोक्यावर राहतातच.

वकील निवडताना सनद विचारण्यात संकोच नको. ‘कर्ज निम्म्यात मिटवून देतो, वाचलेल्या रकमेत आमचा टक्का’ असे म्हणणारा बहुधा वकील नसतो, कारण निकालावर ठरणारी फी घेण्यास आणि जाहिरात करण्यास बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलांना मनाई आहे. फी परवडत नसेल तर ठाण्याचे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देते: वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असलेल्यांना, आणि स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक व कारखान्यांतले कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता. दावा लागण्यापूर्वीच प्रकरण लोकअदालतीत ठेवण्याची सोयही तिथेच होते. तिथल्या निवाड्यावर अपील नसते, त्यामुळे सही करण्याआधी हप्त्याची रक्कम आणि तारीख वकिलाबरोबर बसून तपासावी आणि पगाराच्या दिवसानंतरची तारीख मागून घ्यावी.