फॅशन डिझाइन शिकणारी मुलगी रॅम्पवर चालते का?

बारावीचा निकाल लागतो, घरात पुढचं ठरवायची वेळ येते आणि मुलगी हळूच म्हणते, "मला फॅशन डिझायनिंग करायचंय." रत्नागिरीत राजिवड्यापासून पावसपर्यंत कुठल्याही मुस्लिम घरात यावर पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: म्हणजे रॅम्पवर चालणार? अब्बा कुवेतहून फोनवर तेच विचारतात, मामूही तेच विचारतात. प्रश्नात वावगं काही नाही. टीव्हीवर आणि मोबाईलवर फॅशन म्हणून जे दिसतं, तो रॅम्पच असतो.

उत्तर आहे, नाही. रॅम्पवर मॉडेल चालते. तो वेगळा पेशा आहे आणि त्याचं प्रशिक्षणही वेगळं. डिझाइन शिकणारी मुलगी त्या वेळी पडद्यामागे असते, एका हातात सुई-दोरा आणि दुसऱ्या हातात टाचण्यांची डबी घेऊन. शो संपला की डिझायनर दोन पावलं बाहेर येते, बसलेल्यांना आदाब किंवा नमस्कार करते आणि आत जाते. तिचा रॅम्पशी संबंध एवढाच, आणि त्या वेळी अंगावर काय घालायचं ते तिचं ती ठरवते.

मग विद्यार्थ्यांचे कपडे व्यावसायिक रॅम्पवर जातात म्हणजे नेमकं काय होतं? हे घरच्यांनी समजून घेतलं पाहिजे, कारण पैसा आणि मुलीची चार वर्षं यात लागणार असतात.

शेवटच्या वर्षी विद्यार्थ्याला एक कलेक्शन करावं लागतं. कलेक्शन म्हणजे एकाच कल्पनेभोवती बेतलेले काही पोशाख, साधारण पाच-सहा किंवा त्याहून जास्त. समजा, आपल्याकडच्या एखादीने मिरकरवाडा बंदरातली मासेमारीची जाळी हा विषय घेतला. आधी ती बंदरावर जाऊन फोटो काढेल, जाळ्याच्या गाठी कशा मारतात ते खलाशांकडून शिकेल, जाळ्यांचे निळे-हिरवे रंग आणि जांभ्या दगडाचा लाल रंग शेजारी ठेवून बघेल. मग चित्रं. पन्नास चित्रांतली पाच-सहा उरतात. गाठ नुसती चिकटवून चालत नाही. ती बाहीत, गळ्यात, दुपट्ट्याच्या काठात कामाची ठरली पाहिजे, नाहीतर परीक्षक तिथेच विचारतात, ही इथे का आहे?

यानंतर खरी कसोटी. कागदावर माप बेतायचं आणि पोशाख आधी स्वस्त मांजरपाटात शिवून बघायचा. चित्रात झकास दिसणारा घेर मांजरपाटात ढगळ निघतो, खांदा ओढला जातो, बाही वर उचलली की सगळा कुर्ता वर येतो. उसवायचं, पुन्हा बेतायचं. अंतिम कापडाला कात्री लागते ती दोन-तीन वेळा असं झाल्यावर. घरात आजी-खालाकडून शिवण शिकलेल्या मुली इथे पुढे असतात. चित्र चांगलं काढणाऱ्या पण सुई कधी न धरलेल्या मुलांना हा टप्पा जड जातो. आणि शिवणाची भाषा आपल्याला परकी नाहीच. दर्जी, अस्तर, बखिया, जरदोजी, पैजामा हे सगळे शब्द फारसीतून आपल्या घरांत आलेले आहेत.

शोच्या आधी फिटिंग होतं. मॉडेल उंच असतात, त्यांची मापं ठरावीक असतात आणि ऐनवेळी मॉडेल बदलूही शकते. म्हणून शिवणीत थोडं जास्तीचं कापड ठेवायला शिकवतात. पडद्यामागे एकेका मॉडेलच्या नावाची दांडी असते. त्यावर क्रमाने पोशाख, सोबत चपला, दागिने आणि 'असं दिसलं पाहिजे' हे दाखवणारा फोटो. कपडे चढवायला मदतनीस असतात. एक पोशाख रॅम्पवर जेमतेम मिनिटभर दिसतो. त्या मिनिटासाठी सहा महिने गेलेले असतात.

एवढा खटाटोप कशाला, पोशाख पुतळ्यावर लावून दाखवता येत नाही का? येतो, आणि अनेक संस्था तसं प्रदर्शनही भरवतात. पण उभ्या पुतळ्यावर कापड एक बोलतं आणि चालत्या माणसावर दुसरं. घेर पायात येतो का, दुपट्टा खांद्यावर टिकतो का, बसलेल्या माणसाला मागून शिवण कशी दिसते, हे चालल्याशिवाय कळत नाही. ज्यांनी निकाहात जड घरारा सांभाळला आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको.

व्यावसायिक रॅम्पवर फरक पडतो तो समोर बसलेल्यांमुळे. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मैत्रिणी आणि नातेवाईक असतात. इथे दुकानांसाठी माल निवडणारे खरेदीदार, फॅशनवर लिहिणारे पत्रकार, कंपन्यांची माणसं असतात. ते टाळ्यांवर जात नाहीत. शोनंतर स्टॉलवर येऊन विचारतात: हा कुर्ता किती मापांत मिळेल, किंमत काय, तीस नग किती दिवसांत द्याल? याचं उत्तर तयार नसेल तर शो कितीही गाजला तरी हातात फोटोच राहतात.

आपल्याकडे यातला सर्वात ओळखीचा मंच म्हणजे लॅक्मे फॅशन वीक. त्यात नव्या डिझायनरांसाठी 'जेननेक्स्ट' नावाचा विभाग आहे, निवड परीक्षक करतात. राहुल मिश्रा 2006 मध्ये इथूनच पुढे आले, केरळच्या हातमागाचं कापड घेऊन. 2014 मध्ये त्यांना आंतरराष्ट्रीय वूलमार्क पुरस्कार मिळाला, तो मिळवणारे ते पहिले भारतीय. 2020 मध्ये पॅरिसच्या हॉट कुटूर आठवड्यात त्यांचे कपडे दिसले. मसाबा गुप्ता मुंबईच्या एसएनडीटीच्या पॉलिटेक्निकमध्ये शिकल्या आणि 2009 मध्ये लॅक्मेच्या रॅम्पवर त्यांचं पहिलं कलेक्शन आलं, तेव्हा त्या विशीच्या आसपास होत्या. मात्र ही मोजकी नावं आहेत. बहुतेक पदवीधर कपड्यांच्या कंपनीत, निर्यातीच्या कारखान्यात किंवा ऑनलाइन ब्रँडकडे नोकरी करतात, आणि तीच खरी बाजारपेठ आहे. कोल्हापूरच्या भानू अथैया यांनी सिनेमाची वाट धरली आणि 1983 मध्ये 'गांधी'च्या वेशभूषेसाठी ऑस्कर आणलं, भारताचं पहिलं.

मला यात जास्त महत्त्वाचं वाटतं ते कच्छचं उदाहरण. 2001 च्या भूकंपानंतर अजरख छापणाऱ्या खत्री मुस्लिम कुटुंबांनी भुजजवळ अजरखपूर हे नवं गाव वसवलं. पिढ्यान्‌पिढ्या ते कापड छापत आले, पण डिझायनर म्हणून नाव दुसऱ्याचं लागायचं. आदिपूरच्या सोमैया कला विद्या या संस्थेत 2014 पासून अशा कारागिरांनाच डिझाइन शिकवलं जातं. तिथले पदवीधर विणकर, छपाईवाले आणि बांधणीवाले आपापली कलेक्शन घेऊन लॅक्मे फॅशन वीकमध्ये गेले. कारागीर आणि डिझायनर एकच माणूस. मुंबईत मदनपुरा, धारावी, गोवंडीच्या कारखान्यांत आरी आणि जरदोजीचं काम करणारे हात बहुतांश मुस्लिम आहेत, मात्र त्यांची नावं रॅम्पवर क्वचितच पोहोचतात. शिकलेली मुलं आपल्या घरांतून पुढे आली तर हे थोडंतरी बदलेल.

आता पडद्याचा मुद्दा, तो टाळून चालणार नाही. अभ्यासक्रमात सगळ्या तऱ्हेचे पोशाख समजून घ्यावे लागतात, पण शेवटच्या कलेक्शनचा विषय विद्यार्थीच मांडतो. अंगभर कपड्यांची बाजारपेठ जगभर वाढलेली आहे. सप्टेंबर 2016 मध्ये इंडोनेशियाच्या अनीसा हसीबुआन यांनी न्यूयॉर्क फॅशन वीकमध्ये सगळ्या मॉडेल हिजाबमध्ये आणल्या, जगभर कौतुक झालं. मात्र दोनच वर्षांत त्यांना आणि त्यांच्या पतीला उमराहच्या हजारो प्रवाशांचे पैसे बुडवल्याबद्दल तुरुंगवास झाला. रॅम्पवरच्या टाळ्यांवरून माणसाचा व्यवहार ओळखता येत नाही, हे ध्यानात असू द्या. हिजाबी मॉडेल म्हणून गाजलेल्या हलीमा एडन यांनी 2020 मध्ये धर्माशी तडजोड होते म्हणून रॅम्प सोडला. पण त्या मॉडेल होत्या. डिझायनरला अशी निवड करायची वेळ सहसा येत नाही. आपल्याकडे अबाया अजून दुबई-कुवेतहून येतो. कोकणातल्या दमट हवेत न चिकटणारा, स्कूटीवर बसता येईल असा अबाया इथेच कुणी नीट बेतला तर गिऱ्हाईक शोधत मुंबईला जावं लागणार नाही.

रत्नागिरीहून वाट कशी आहे? सरकारी संस्थांत पहिलं नाव निफ्टचं. ती 1986 मध्ये दिल्लीत सुरू झाली, मुंबईचं केंद्र 1995 पासून आहे आणि ते खारघरला आहे. कोकण रेल्वेने पनवेलला उतरायचं, तिथून हार्बर लोकलने खारघर तिसरं स्टेशन. चार वर्षांच्या डिझाइन पदवीला बारावीची कुठलीही शाखा चालते. प्रवेश परीक्षेत एक पेपर कल्पकतेचा, एक सामान्य क्षमतेचा, आणि त्यातून निवड झालेल्यांची हातकामाची चाचणी. कमी उत्पन्नाच्या घरांसाठी शुल्कात मदतीची योजना आहे आणि कारागिरांच्या मुलांसाठी वेगळा प्रवर्ग आहे. त्याला सरकारी कारागीर ओळखपत्र लागतं, ते आधी काढून ठेवा. मुंबईत एसएनडीटी आहे, पुण्यात महर्षी कर्वे संस्थेचं फॅशन टेक्नॉलॉजीचं कॉलेज आहे. घराबाहेर पाठवायची तयारी नसेल तर आयटीआयचे शिवणकामाचे एक वर्षाचे ट्रेड आहेत. त्यांना कमी लेखू नका, हात तिथे तयार होतो.

खासगी संस्थांपैकी काही विद्यार्थ्यांचं कलेक्शन मोठ्या फॅशन वीकमध्ये दाखवतात आणि जाहिरातीत तेच पुढे करतात. तिथे फी भरण्याआधी अब्बांनी समोर बसून विचारावं. शोसाठी सगळ्यांची निवड होते की मोजक्यांची? कापड, मॉडेल, फोटो यांचा खर्च फीमध्ये आहे की वेगळा? हातात पडणार ती विद्यापीठाची पदवी की संस्थेचं स्वतःचं प्रमाणपत्र? गेल्या दोन बॅचमधल्या मुली आज कुठे काम करतात, आणि त्यातल्या एखादीशी बोलता येईल का? शेवटच्या प्रश्नाला टाळाटाळ झाली तर चहा पिऊन उठावं.

निफ्टच्या हातकामाच्या चाचणीत तार, पुठ्ठा, कापडाचे तुकडे, दोरा असं साहित्य देतात आणि ठरलेल्या वेळेत काहीतरी बनवायला सांगतात. याचा सराव घरच्या रद्दीतून होतो. ईदला शिवलेल्या कपड्यांच्या उरलेल्या चिंध्या यंदा टाकू नका, पिशवीत भरून मुलीकडे द्या.