पूर्व लॉस एंजेलिसच्या मुलांचा शाळाबहिष्कार

मार्च १९६८ मध्ये लॉस एंजेलिसच्या पूर्व भागातल्या विल्सन, गारफिल्ड, लिंकन, रूझवेल्ट आणि बेलमाँट या पाच हायस्कुलांतली मुले भर तासाला वर्गाबाहेर पडली. आठवडाभरात दहा हजारांहून अधिक विद्यार्थी रस्त्यावर आले. त्यांतले बहुतेक मेक्सिकन-अमेरिकन होते. त्यांच्या मागण्या अगदी साध्या होत्या. मधल्या सुट्टीत शौचालयांना कुलूप लावू नये, स्पॅनिश बोलल्याबद्दल शिक्षा होऊ नये, पुस्तकांत आपल्या लोकांचा इतिहास यावा आणि कॉलेजच्या तयारीचे विषय आपल्यालाही शिकायला मिळावेत, असे त्यांचे म्हणणे होते. एवढ्यासाठी पोरांना पोलिसांच्या लाठ्या खाव्या लागल्या.

या असंतोषाची मुळे जुनी होती. कॅलिफोर्निया १८४८ पर्यंत मेक्सिकोचाच भाग होता. पुढे १९१० च्या मेक्सिकन क्रांतीच्या धामधुमीत आणखी हजारो कुटुंबे उत्तरेला आली. १९३० च्या मंदीत यांतल्याच लाखो लोकांना मेक्सिकोत परत धाडण्यात आले. त्यांत अमेरिकेत जन्मलेली, म्हणजे तिथली नागरिक असलेली मुलेही होती. जून १९४३ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये नौसैनिकांच्या टोळ्यांनी ढगळ ‘झूट सूट’ घालणाऱ्या तरुणांना ट्राममधून आणि चित्रपटगृहांतून ओढून काढले, त्यांचे कपडे फाडले. पोलिसांनी पकडले ते मात्र मुख्यतः मार खाणाऱ्यांनाच. मेक्सिकन मुलांना वेगळ्या शाळेत बसवण्याची रीत ऑरेंज काउंटीतल्या मेंडेझ कुटुंबाने कोर्टात आव्हान देऊन १९४७ मध्ये मोडून काढली. पण वस्त्या वेगळ्या होत्या, म्हणून शाळाही व्यवहारात वेगळ्याच राहिल्या.

साठच्या दशकात या शाळांतला भेदभाव रोजच्या शिस्तीत मुरलेला होता. वर्गात स्पॅनिश शब्द तोंडातून निघाला तर काही शिक्षक लाकडी फळीने मारत. मुलांना गाड्यांच्या दुरुस्तीकडे आणि मुलींना टंकलेखन-शिवणकामाकडे वळवण्याचा समुपदेशकांचा कल असे. मार्क चांगले असले तरी कॉलेजचा विषय निघत नसे. कितीतरी मुले शाळा अर्धवट सोडत, आणि त्याचा दोष घरावर ढकलला जाई. कोवळ्या वयात ‘तुला हे झेपणार नाही’ असे रोज ऐकणाऱ्या मुलाला ते खरे वाटू लागते. या व्यवस्थेने केलेली सर्वांत मोठी हानी हीच म्हणायला हवी.

सॅल कॅस्ट्रो हे शिक्षक याच भागात वाढलेले. ते शिकवत असलेल्या बेलमाँट शाळेत विद्यार्थी-निवडणुकीच्या भाषणांत मुले स्पॅनिश बोलली, त्या प्रकरणानंतर कॅस्ट्रो यांची बदली लिंकन हायस्कुलात झाली. मालिबूजवळ मेक्सिकन-अमेरिकन विद्यार्थ्यांची नेतृत्व शिबिरे भरत. तिथे वेगवेगळ्या शाळांतली मुले आपापले अनुभव सांगू लागली आणि ते सगळीकडे सारखेच असल्याचे त्यांच्या ध्यानात आले. लिंकनची विद्यार्थिनी पॉला क्रिसॉस्टोमो याच शिबिरांतून पुढे आली. वस्तीनेही या मुलांना जागा दिली. ‘ला पिरान्या’ नावाच्या कॉफीघरात तरुण जमत. लिंकन हाइट्समधल्या चर्च ऑफ द एपिफनीच्या तळघरात ‘ला रासा’ हे वृत्तपत्र तयार होई. त्यातून शाळांचे वाभाडे निघत आणि घरोघरी चर्चा होई.

बहिष्काराची ठिणगी विल्सनमध्ये पडली. १ मार्चला मुख्याध्यापकांनी मुलांनी बसवलेले नाटक ऐनवेळी रद्द केले आणि शेकडो मुले वर्गाबाहेर पडली. पुढच्या आठवड्यात बाकीच्या शाळाही उठल्या. शाळांना सरकारी पैसा हजेरीवर मिळतो, म्हणजे वर्ग रिकामे राहिले की शाळेला फटका बसणार, हे मुलांना पक्के ठाऊक होते. लिंकनमध्ये विकी कॅस्ट्रो ही कॉलेजची तरुणी नोकरीच्या मुलाखतीचे निमित्त करून मुख्याध्यापकांना बोलण्यात गुंतवून बसली, तोवर मुलांना वर्गाबाहेर काढण्याचे काम उरकले. रूझवेल्टमध्ये पोलिसांनी मुलांना मारहाण केली. ते पाहून कचरणारे पालकही हलले. नोकरी जाण्याची भीती असलेल्या, स्वतः शाळेत अपमान सोसलेल्या या आईबापांनी समिती स्थापन केली आणि शाळा मंडळापुढे मुलांची बाजू मांडली. त्याच दिवसांत शेतमजूर नेते सेझार चावेझ यांचे उपोषण सुटताना हजर असलेले सिनेटर रॉबर्ट केनेडी परतीच्या वाटेवर या मुलांना भेटले.

मंडळाने बहुतेक मागण्या तत्त्वतः रास्त मानल्या, पण पैसा नसल्याचे सांगितले. मेअखेरीस कॅस्ट्रो सरांसह तेरा जणांवर कटाचे आरोप ठेवले गेले आणि सरांना वर्गातून दूर करण्यात आले. तेव्हा पालक व कार्यकर्ते मंडळाच्या कचेरीत दिवसरात्र ठिय्या देऊन बसले आणि ऑक्टोबरमध्ये सरांना परत घ्यावे लागले. कटाचे आरोप अपील कोर्टाने १९७० मध्ये रद्द केले.

शाळांमधले बदल सावकाश आले: द्विभाषिक वर्ग, मेक्सिकन-अमेरिकन शिक्षक आणि मुख्याध्यापक. विद्यापीठांचे दरवाजे त्यामानाने लवकर उघडले. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात १९६९ मध्ये चिकानो, म्हणजे मेक्सिकन-अमेरिकन, अभ्यासाचे केंद्र सुरू झाले. विकी कॅस्ट्रो १९९३ मध्ये त्याच शाळा मंडळावर निवडून आल्या. मार्च २००६ मध्ये कागदपत्रे नसलेल्या स्थलांतरितांना गुन्हेगार ठरवू पाहणाऱ्या विधेयकाविरुद्ध लॉस एंजेलिसचे हजारो विद्यार्थी पुन्हा वर्ग सोडून निघाले, तेव्हा सॅल कॅस्ट्रो हयात होते.