इंजेक्टर बदलावेत की तपासावेत?

सोने-चांदी गलाईच्या व्यवसायानिमित्त देशभर विखुरलेल्या विटा परिसरातील कुटुंबांना लांबचा प्रवास नवा नाही. डिझेल मोटार चढावर दमू लागली, की मोठ्या छिद्रांचे इंजेक्टर बसवून ताकद वाढवण्याचा सल्ला हमखास मिळतो. तो स्वीकारण्यापूर्वी इंजिनाचे गणित समजून घेणे हिताचे ठरते.

इंजेक्टर केवळ इंधन वाढवतो. ते जाळण्यासाठी लागणारी हवा टर्बो पुरवतो. हवा तेवढीच राहिली, तर जादा डिझेल अर्धवट जळून काळा धूर होतो, तापमान वाढते आणि पिस्टन, टर्बो व क्लच यांचे आयुष्य घटते. फियाटचे १२४८ सीसीचे मल्टिजेट इंजिन याचे बोलके उदाहरण होय. २००७ च्या मारुती स्विफ्टमध्ये ते ७५ अश्वशक्ती देई, तर २०११ च्या एसएक्स-४ मध्ये ९०. या वाढीमागे मुख्य वाटा व्हेरिएबल जॉमेट्री टर्बोचा होता.

म्हणूनच जुन्या मोटारीत प्रथम एअर फिल्टर, डिझेल फिल्टर आणि टर्बोच्या नळ्यांची गळती तपासावी. त्यानंतर इंजेक्टर काढून टेस्ट बेंचवर त्यांची फवारणी व परतीचे डिझेल मोजून घ्यावे. झिजलेले इंजेक्टर मूळ मापाचेच बसवल्यास हरवलेली ताकद बहुधा परत मिळते. नोंदणीतील तपशिलांशी विसंगत फेरबदलांना मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मनाई करते, हेही विसरू नये.